पायाला नको असलेलं पाणी

“मग पाप नेमकं कुणाचं धरायचं, महाराज? आईचं, का त्या लेकराचंच मागच्या जन्मातलं?”

पद्माकरशास्त्रींनी हे विचारलं, तेव्हा ते लेकरू समोरच्याच पायरीवर आईच्या मांडीत पडलं होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. आई ऐकत होती. तिच्यादेखत विचारलं.

मी मठातला आचारी. शास्त्रातलं मला काही कळत नाही. पण माझं डोकं तिथंच फिरलं.

तुळजागीर महाराज खांबाला टेकून बसले होते. ते पोराकडं बघत होते.

पद्माकरशास्त्री म्हणजे महाराजांचे पट्टशिष्य. आधी कॉलेजात संस्कृत शिकवायचे. मठाचं नवं भक्तनिवास त्यांच्याच खटपटीनं उभं राहिलं, पांढऱ्याशुभ्र फरशीचं, खोलीखोलीला संडास-बाथरूम असलेलं. प्रवचनाला बसले की माणसं उठायचं नाव घेत नसत. माणूस वाईट नव्हता हो. पण आपल्याला कळत नाही असं जगात काही असू शकतं, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाईचं नाव चंद्रकला. टेकडीवर मठ, खाली ओढा, आणि ओढ्याच्या पलीकडं हिची वस्ती. लेकरू झुंबर, नुकतं पाऊल टाकायला लागलेलं. दोन-तीन दिवस हगवण थांबत नव्हती. गेल्या साली हिचं थोरलं असंच गेलं होतं.

वस्तीतल्या बाया म्हणाल्या, दात येताना पोट सुटायचंच. कुणी म्हणालं, नजर लागली. एक जाणती म्हातारी म्हणाली, पाणी तोड, वरून दिलं की खालून जातं. चंद्रकलेनं तेही केलं. पोर मान टाकायला लागलं तेव्हा ती पळत मठात आली, आणि शास्त्रींनी तिला पूर्वसंचित समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर, श्लोकासकट.

महाराज उठून पायरीवर आले. त्यांनी झुंबरच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

कातडी तशीच उभी राहिली...

“पाणी कधी पाजलंस?”

“नाही पाजलं महाराज. बाया म्हणल्या...”

महाराजांनी मला हाक मारली. उकळून निवलेलं तांब्याभर पाणी, त्यात मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. आधी बाईला साबणानं हात धुवायला लावले. मग म्हणाले, चमच्याचमच्यानं थोडं थोडं पाज, थांबू नकोस. पोर त्या चमच्याला असं लुचलं की मला बघवेना. मी आत जाऊन डोळे पुसून आलो.

मग महाराज म्हणाले, जीप काढा, पोराला सरकारी दवाखान्यात न्या.

शास्त्री पुढं झाले. गुरुवार होता, पाद्यपूजेचा दिवस. जीप स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जाणार होती, मोठमोठी माणसं येणार होती. हे त्यांनी अगदी हळू आवाजात, अदबीनं सांगितलं.

“पाहुण्यांना पाय आहेत,” महाराज म्हणाले.

जीप दवाखान्याकडं गेली.

दुपारी सभामंडप भरला. पाहुणे घामाघूम होऊन चालत आले होते, पण आले. तेवढ्यात ड्रायव्हर परतला. पोराला सलाइन लावलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वेळेत आणलंत, आत्ता वाचेल. पण घरी जाऊन तेच पाणी प्यालं तर पुढच्या खेपेला काही सांगता येत नाही.

“तेच म्हणजे कुठलं?” महाराजांनी विचारलं.

झिऱ्याचं, ड्रायव्हर म्हणाला. ओढा आटला की वस्तीतल्या बाया त्याच्या वाळूत खड्डा उकरतात. तळाशी पाणी झिरपतं, ते वाटीवाटीनं घागरीत भरतात. तो झिरा. सगळी वस्ती त्याच्यावरच जगते.

महाराजांनी मान हलवली आणि ते आसनावर बसले.

आमच्याकडं दर गुरुवारी पट्टशिष्यानं महाराजांचे पाय धुवायचे. ते तीर्थ पहिल्यांदा त्यानं घ्यायचं, मग ओळीनं सगळ्यांनी. महाराजांना हे कधीच आवडलं नाही. पण परंपरा म्हणून ते पाय पुढं करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाणी असायचं वरच्या विहिरीचं, वाळा घातलेलं.

त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

“पद्माकर, आज पाय धुवायला झिऱ्याचं पाणी आण.”

शास्त्री हसले. गुरू शिष्याची परीक्षा घेतात, हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितलं असेल! लगेच कुणा नोकराला धाडायला निघाले.

“तू जा.”

गेले. सोवळं नेसून, चांदीची कळशी घेऊन, टेकडी उतरले. इकडं मंडप वाट बघत बसला. पंखे फिरत होते. कुणी भजन धरलं, महाराजांनी हातानंच थांबवलं.

शास्त्री आले तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. सोवळ्याला चिखल लागला होता. कळशी त्यांनी अंगापासून लांब धरली होती, आणि आसनापासून चांगली हातभर लांबच ठेवली.

“ओत,” महाराज म्हणाले. त्यांनी परातीत पाय ठेवले.

शास्त्री हलले नाहीत.

“महाराज, हे पाणी पायाला लावण्यासारखं नाही.”

“का?”

शास्त्रींनी एकवार मंडपाकडं बघितलं. मग खाली वाकून, महाराजांनाच ऐकू जाईल असं बोलायला लागले. मी परात धरून बसलो होतो, म्हणून मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, वरून ओढ्यात भक्तनिवासाचं येतं.

“काय येतं?”

शास्त्री आणखी खाली वाकले.

“मोठ्यानं सांग. मंडळींना भक्तनिवास आवडतं.”

“संडासांचं पाणी येतं, महाराज.”

तुला कधीपासून ठाऊक आहे, असं महाराजांनी विचारलं. आवाज चढवला नाही. शास्त्री म्हणाले, बांधकामापासून. मैल्याची टाकी मागनं करू म्हटलं होतं. तूर्तास पाइप ओढ्यात सोडला, पावसाळ्यात वाहून जातं म्हणून. मागनं ती राहूनच गेली.

पूर्वसंचित म्हणे! कसलं संचित? चांगला चार इंची पाइप होता. या माणसाला तो ठाऊक होता, आणि सकाळी त्यानं एका आईला तिच्याच पापाचा हिशेब ऐकवला होता. परातीची कड मी सोडून दिली, नाहीतर माझ्या हातून काहीतरी झालं असतं.

शास्त्रींचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, एकट्या मठाचाच दोष नाही. वस्तीतली माणसंही ओढ्यातच बसतात. लहान लेकराची कसली आलीय घाण, असं म्हणून बाया दुपटी त्याच वाळूत धुतात. हात कुणी धूत नाही. घागरीत बोटं बुडवून पाणी काढतात. त्यांना शिस्त नको का?

“खरं आहे,” महाराज म्हणाले. “त्यांना मी जाऊन सांगेन. त्यांना ठाऊक नाही.”

मग त्यांनी कळशीकडं बोट केलं.

“ओत.”

शास्त्रींनी कळशी उचलली. परातीवर आणली. पण ती त्यांनी पुन्हा खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं का बोला, महाराजांवर त्यांचा जीव होता.

“नाही ओतणार मी. तुमच्या पायांना हे लागू देणार नाही.”

“पायाला नको?”

“नको, महाराज.”

महाराज तसेच बसून राहिले, कोरड्या परातीत पाय ठेवून. तीर्थासाठी ओंजळ पुढं केलेली माणसं एकेक करून हात मागं घेऊ लागली. स्टेशनवरून चालत आलेल्यांतले एक गृहस्थ, भक्तनिवासातच उतरलेले, घड्याळ बघून मान खाली घालून बसले.

शेवटी शास्त्रींनी हात जोडले. चूक झाली, म्हणाले. टाकी नक्की खोदतो. पण पाइप आज बंद करायचा तर संडास बंद करावे लागतील, आणि थोरल्या महाराजांच्या पुण्यतिथीचा उत्सव तोंडावर आलाय. खोल्या भरल्यात. लांबलांबून आलेल्या माणसांना जायचं कुठं?

“उत्सव तेवढा होऊ द्या, महाराज. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे.”

महाराजांनी परातीतून पाय काढले. चिखल लागलेल्या सोवळ्याकडं बघितलं. मग शास्त्रींच्या तोंडाकडं.

“बरं. मग वस्तीवर जा, आणि लेकरांना सांगून ये. उत्सव होईस्तोवर तहान लागू देऊ नका म्हणावं.”