शेगडीतली जागा

वस्तू बोलत असत तेव्हाची गोष्ट. पौष वद्य तृतीया, कडक थंडी, आभाळ स्वच्छ. अनुसयाबाईंच्या चहाच्या टपरीत दोन कॉइली भांडत होत्या. शेगडीत जागा एकीचीच होती. दुसरी भंगारात जाणार होती.

"जाडे, तू विजेला मोकळी सोडतेस," बारीक कॉइल म्हणाली. "मी अडवते, म्हणून मीच जास्त तापणार. काका, मोजाच!"

टपरीतल्या मीटरकाकांनी दोघींना एकेक करून २३० व्होल्टला जोडलं. "जाडीतून पाच अँपिअर, बारकीतून अडीच. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध: जाडीचा ४६ ओहम, बारकीचा ९२."

"बघ, दुप्पट!"

"थांब गं. व्होल्टला अँपिअरने गुणलं की शक्ती, आणि जितकी शक्ती तितकी उष्णता. जाडीची ११५० वॅट, तुझी ५७५."

अनुसयाबाईंनी जाड कॉइल शेगडीत बसवली. बारीक भंगारात गेली.