आधी तुटला की आदळल्यावर

"आधी तुटला, की आदळल्यावर?"

विश्वंभरनं हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हाही दस्तगीर उस्तादांनी उत्तर दिलं नव्हतं. शेडच्या दारात लाकडी खोक्यावर बसून ते एका जुन्या कार्बोरेटरचे भाग रॉकेलात धूत होते. दुपारचे तीन वाजले होते. मिरजेचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं.

दोघांच्या मध्ये, फरशीवर, फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा एक तुकडा पडला होता.

"जेवलास?" उस्तादांनी विचारलं.

विश्वंभर सकाळपासून जेवला नव्हता. तो म्हणाला, जेवलो.

उस्तादांनी हात पुसले नाहीत, फडक्याकडं पाहिलंही नाही...

याच शेडमध्ये विश्वंभर नऊ वर्षं काम शिकला होता. जुन्या, कंपन्याच बंद पडलेल्या गाड्या पुन्हा चालत्या करायच्या, हे दस्तगीर उस्तादांचं काम. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पण त्यांची एक खोड होती. एखादा पार्ट मिळाला नाही की ते गाडी विटांवर चढवून ठेवत आणि मालकाला सांगत, मिळाला की करू. एक काळी गाडी तर अशी एकोणीस वर्षं कोपऱ्यात उभी होती. तिचा मालक अधूनमधून येई, तिच्यावरची धूळ झटकी, उस्तादांबरोबर चहा पिऊन जाई.

विश्वंभरला त्याचा संताप येई. पार्ट मिळत नाही म्हणणारा माणूस आळशी असतो, असं तो चारचौघांत बोलायचा. एकदा उस्तादांच्या तोंडावरच बोलला आणि शेड सोडून गेला. कोल्हापुरात त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं. दहा वर्षांत नाव झालं. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनांत त्यानं उभ्या केलेल्या गाड्यांना बक्षिसं मिळाली. पुण्यामुंबईची माणसं त्याच्याकडं गाड्या पाठवू लागली. विश्वंभर रेळेकर नाही म्हणत नाही, असं ती माणसं एकमेकांना सांगत. त्याला ते फार आवडे.

आता त्याची दाढी वाढली होती. तीन रात्री झोप नव्हती.

"उस्ताद, एकदा बघा तरी."

"काय आहे?"

"लिमये सरांच्या गाडीचा स्टब एक्सल."

उस्तादांचा हात थांबला.

पुढचं चाक ज्या लोखंडी खुंट्यावर फिरतं तो हा स्टब एक्सल. लिमये सरांच्या अपघाताची बातमी मिरजेतही पोचली होती. सांगलीचे दत्तात्रय लिमये, निवृत्त झालेले, रसायनशास्त्राचे शिक्षक. त्यांच्या डॉक्टर वडिलांची सत्तर वर्षांपूर्वीची इंग्लिश गाडी एकतीस वर्षं गावाकडच्या गोठ्यात पडून होती. विश्वंभरनं ती सहा वर्षं खपून चालती केली होती. तासगावच्या रस्त्यावर ती गाडी चिंचेच्या झाडावर गेली. सर जागच्या जागी गेले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा, कुमुदताईंचा, खुबा मोडला. चालकाचा ताबा सुटला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. मोडकी गाडी विश्वंभरच्याच गॅरेजात परत आली.

उस्तादांनी फडकं उलगडलं. तुकडा उचलून तळहातावर तोलला आणि तसाच विश्वंभरपुढं धरला.

"वाच."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचा भरवसा नाही. तू वाच. मी ऐकतो."

त्यांनी खिशातलं भिंग काढून दिलं.

विश्वंभर तुकडा घेऊन दाराच्या उजेडात सरकला. भिंगाची गरज नव्हती. गेले पंधरा दिवस तो रोज हा तुकडा बघत होता. पण मोठ्यानं त्यानं कधी काही म्हटलं नव्हतं.

"तुटलेल्या तोंडाचा एक भाग काळा आहे..." तो म्हणाला.

"किती?"

"अर्ध्याच्या वर."

"आणि त्यावर?"

"रेघा आहेत. शिंपल्यावर असतात तशा. एकीच्या बाहेर एक."

"बाकीचा?"

"बाकीचा चकाकतोय. खडबडीत आहे. साखरेच्या दाण्यांसारखा."

"केवढा?"

"अंगठ्याच्या नखाएवढा."

याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. जे लोखंड एका दणक्यात तुटतं ते सगळं चकाकतं. जे काळं पडलेलं असतं ते आधीच फाटलेलं असतं, आणि गाडी धावेल तशी फट रेघेरेघेनं आत सरकत जाते. त्या दिवशी लिमये सरांची गाडी, सरांसकट आणि कुमुदताईंसकट, अंगठ्याच्या नखाएवढ्या लोखंडावर चालली होती.

"आता सांग," उस्ताद म्हणाले. "आधी, की आदळल्यावर?"

विश्वंभरनं भिंग परत दिलं. मग त्यानं जे सांगितलं ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

गाडीचा मूळ स्टब एक्सल झिजून बाद झाला होता. तसला दुसरा त्यानं चार वर्षं शोधला. मुंबईच्या भंगारबाजारात महिना घालवला, कोइंबतूरला दोनदा जाऊन आला, इंग्लंडमधल्या त्या गाड्यांच्या मंडळाला पत्रं लिहिली. तिथून एका म्हाताऱ्याचं सभ्य उत्तर आलं, की जगात आता एकही शिल्लक असेल असं वाटत नाही. सरांना घाई नव्हती. घाई विश्वंभरला होती. प्रदर्शन पाच आठवड्यांवर आलं होतं आणि ती गाडी आपण आणणार असं तो सगळ्यांना सांगून बसला होता. शेवटी झिजलेलाच एक्सल त्यानं वेल्डिंगनं भरला, लेथवर घेऊन मापात उतरवला, घासून आरशासारखा केला. त्या पोलादाला वेल्डिंगचा ताव सोसत नाही, पुढं ते तडकतं, हे याच शेडमध्ये तो पहिल्या वर्षी शिकला होता. सरांना त्यानं सांगितलं, कोइंबतूरला मिळाला. सरांनी त्याला मिठी मारली.

"त्यांनी मिठी मारली, उस्ताद..."

"पुढं."

पुढचं जास्त कठीण होतं. तेराव्याला तो लिमयांच्या घरी गेला होता. कुमुदताई पलंगावर होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगत होत्या. तलावावर बगळे उतरले होते आणि मीच म्हणाले, अहो, तिकडं बघा. त्यांनी मान वळवली आणि गाडी गेली. मी गप्प बसले असते तर...

विश्वंभरच्या खिशात तेव्हा या तुकड्याचा मोबाइलवर काढलेला फोटो होता. असं मनाला लावून घेऊ नका काकू, असं तो म्हणाला. मग पंगतीत बसून जेवला.

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. पत्रा थरथरला आणि थांबला.

"म्हणून आलो," विश्वंभर म्हणाला. "तुम्ही आदळल्यावर तुटला म्हणालात तर कुणी शंका घेणार नाही. मीसुद्धा नाही. आणि आधी म्हणालात तर..."

"तर?"

"तर मला शिक्षा तरी मिळेल."

उस्तादांनी तुकडा त्याच्या हातातून घेतला. बोटाच्या पेरानं ते वेल्डिंगची कड चाचपत राहिले.

"प्रदर्शनाच्या आधी तू ती गाडी इथं आणली होतीस," ते म्हणाले. "आठवतं?"

आठवत होतं. काम करून दाखवलं हे म्हाताऱ्याला दिसावं म्हणून खास वाट वाकडी करून तो आला होता. उस्ताद गाडीभोवती फिरले होते, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून आत हात घालून बघत होते. मग उठून नुसते छान म्हणाले होते. विश्वंभर जिंकल्यासारखा गेला होता.

"माझ्या बोटाला तेव्हाच लागलं होतं," उस्ताद म्हणाले. "भरलेलं लोखंड आहे, एवढं कळलं होतं."

विश्वंभरला आधी शब्द नीट कळलेच नाहीत. मग तो उभा राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही छान म्हणालात?"

"हो."

"का?"

"तू दाखवायला आला होतास. विचारायला नाही... मला राग होता तुझा." उस्तादांनी मान वर केली. "शोमध्ये उभी राहील, परत गोठ्यात जाईल, असं मी मनाशी म्हटलं. तेही खोटंच. मला राग होता, एवढंच खरं."

विश्वंभरच्या तोंडून भलतंसलतं बाहेर पडलं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर माणूस जिवंत असता, असं तो म्हणाला. उस्तादांनी त्याला थांबवलं नाही. तो बोलून थकला आणि खोक्याच्या कडेला बसला. तेव्हा ते म्हणाले, "मी बोललो असतो तरी तू ऐकलं नसतंस. पण मी बोललो नाही, हे राहतंच."

विश्वंभरच्या ध्यानात आलं की त्याला थोडं हलकं वाटतंय. आपल्यासारखाच आणखी एक जण आहे म्हणून हलकं वाटतंय. ते ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची शिसारी आली.

"सांगून सर परत येणार नाहीत," तो हळूच म्हणाला. "काकूंचं दुःख मात्र उकरलं जाईल."

उस्ताद उठले. नळावर हात धुतले, साबण लावून पुन्हा धुतले. भिंतीवरची टोपी घेतली. दोन वर्षांत ते मिरजेबाहेर गेले नव्हते.

"गाडी काय आणलीस?"

"स्कूटर."

"चल."

वाटेत विश्वंभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. सुरुवात कशी करायची, तांत्रिक भाग किती सांगायचा, आपण चार वर्षं शोधलं हे कुठं आणायचं. उस्ताद मागं बसून त्याच्या खांद्याला घट्ट धरून होते.

लिमयांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार कुमुदताईंनीच उघडलं, वॉकर धरून. विश्वंभरला पाहून त्यांना बरं वाटलं. यांचा फार जीव होता तुमच्यावर, असं त्या म्हणाल्या. नको नको म्हणताना स्वयंपाकाच्या बाईंकडून त्यांनी चहा करवला.

जुळवलेलं एकही वाक्य विश्वंभरला आठवलं नाही. त्यानं फडकं उलगडून तुकडा चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"काकू, हा आधीच तुटत आलेला होता. मी केलेला. कोइंबतूरचा नव्हता. मी सरांशी खोटं बोललो."

त्यांनी तुकड्याकडं पाहिलं. मग उस्तादांकडं. उस्तादांनी आपलं नाव सांगितलं, आपण याला शिकवलं हे सांगितलं, आणि आपल्याला कळलं होतं तरी बोललो नाही हेही, एवढ्याच शब्दांत, सांगितलं.

"मी बगळे दाखवले नसते तर?" कुमुदताईंनी विचारलं.

"तरी चाक निघालंच असतं," विश्वंभर म्हणाला.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी."

त्यांनी तुकडा हातात घेतला. तो त्यांच्या अपेक्षेपेक्षा जड असावा. मनगट खाली गेलं. काळा भाग त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिला. रंग निघाला नाही.

"ह्यांनी घाई केली होती का तुम्हाला?"

"नाही."

"थांबले असते हो ते. आणखी सहा वर्षं थांबले असते. रविवारी नुसते जाऊन त्या गाडीत बसायचे." त्यांचा आवाज चढला नाही. "मिळत नाही, एवढंच सांगायचं होतं तुम्ही."

विश्वंभरनं मान खाली घातली. "तेवढंच मला म्हणता येत नव्हतं."

चहावर साय धरली. आतल्या खोलीत घड्याळाचे पाच ठोके पडले.

मग कुमुदताईंनी टेबलावरची वही ओढली, एक कोरं पान फाडलं आणि पेन पुढं केलं. हे सगळं लिहून द्या, असं त्या म्हणाल्या. विश्वंभरनं लिहिलं. कोइंबतूरपाशी त्याचा हात थांबला, मग तेही लिहिलं. खाली सही केली. उस्तादांनी पान डोळ्यांजवळ नेलं, आपल्या वाटणीची दोन वाक्यं त्याच्याकडून लिहून घेतली आणि त्याखाली वेडीवाकडी सही केली.

"उद्या मीच पोलिसांत नेऊन देतो," विश्वंभर म्हणाला.

"नको. माझ्याकडं राहू दे." कागदाची घडी त्यांनी मुठीत धरली. तुकडाही परत दिला नाही. "आता जा तुम्ही."

तो कागद त्यांनी स्वतःच पोलिसांत दिला. पुढं चौकशी लागली, खटला उभा राहिला, कोल्हापूरच्या गॅरेजला कुलूप लागलं आणि ज्यांनी गाड्या पाठवल्या होत्या ते त्या घेऊन गेले. कुमुदताईंनी त्या दोघांना पुन्हा कधी घरात घेतलं नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी दोघं जिन्यानं उतरत होते. जिन्यात उजेड कमी होता. उस्ताद एका हातानं कठडा धरून, पायानं पायरी चाचपत उतरत होते. विश्वंभर एक पायरी पुढं होता. वर दार लागल्याचा, मग कडी सरकल्याचा आवाज आला.

तो थांबला.

"काहीच बोलल्या नाहीत," तो म्हणाला. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. माफ केलं की नाही, तेही कळलं नाही, उस्ताद..."

उस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढची पायरी शोधली.

"आपण मागायला गेलो नव्हतो."