सुईणीची ढाबळ

फार पूर्वीची गोष्ट. निरोप न्यायला कबुतरांशिवाय दुसरं कुणी नव्हतं, तेव्हाची. डोंगराच्या कुशीत सात वाड्या होत्या आणि प्रत्येक घराच्या परसात कबुतरांची एक लहानशी ढाबळ होती. कबुतराचं एक असतं, कुठूनही सोडा, ते आपल्याच घरी परततं. म्हणून पाहुणा निघाला की त्याचं एक कबुतर आपण ठेवून घ्यायचं आणि आपलं एक त्याच्या टोपलीत द्यायचं. त्याला काही कळवायचं झालं की त्याचं कबुतर सोडायचं. अशी रीत होती.

काम मात्र कटकटीचं. रोज दाणे टाका, घाण खरवडा, मांजरावर डोळा ठेवा. लोक कंटाळले होते, खोटं कशाला बोला.

अशात एका धनिकाने टेकडीवर सातमजली ढाबळ बांधली. "सगळी कबुतरं माझ्याकडे आणून सोडा," तो म्हणाला. "दाणे माझे, झाडलोट माझी. इथलं कबुतर घरी न्या, चिठ्ठी बांधून सोडा. ते इथं परत येईल आणि माझे नोकर चिठ्ठी ज्याची त्याला पोचवतील." एका कबुतरात साती वाड्यांना निरोप, तोही फुकट. लोकांना आणखी काय हवं? महिन्याभरात परसातल्या ढाबळी ओस पडल्या. कुणी त्यांत सरपण भरलं, कुणी कोंबड्या कोंडल्या.

एका वाडीत एक सुईण राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. एकटा जीव, त्यात बाळंतपणांसाठी सदा पायपीट. तिनेही आपली कबुतरं टेकडीवर नेऊन दिली आणि तिला हायसं वाटलं.

पहिलं वर्ष झकास गेलं. मग टेकडीवर चिठ्ठ्या साठू लागल्या. नोकर त्या उघडून वाचायचे. जिच्यात भांडण, चहाडी, कुणाची उणीदुणी असतील ती आधी बाहेर काढून मोठ्याने वाचायचे, कारण ती ऐकायला गर्दी जमायची आणि जमलेल्या गर्दीपुढे धनिकाच्या दुकानातल्या मालाची हाकाटी करता यायची. कामाच्या साध्या चिठ्ठ्या टोपलीच्या तळाशी जायच्या.

एके दिवशी नोकराने आक्काच्या हातात चिठ्ठी ठेवली. 'कळा सुरू झाल्या. लगेच या.' पलीकडच्या वाडीतल्या सुताराच्या सुनेची होती. आक्का धापा टाकत पोचली, तर पोर दोन दिवसांपूर्वीच बाळंत झालेली. कशीबशी वाचली होती. "फार वाट पाहिली हो तुमची," एवढंच ती म्हणाली. आक्काला तिच्याकडे बघवेना.

परतताना आक्का वाटभर एकाच विचारात होती. तिची एकुलती लेक मंजुळा सगळ्यात लांबच्या वाडीत दिलेली होती आणि तिला पाचवा महिना होता. हीच गत मंजुळेची झाली तर?

ती तडक टेकडीवर गेली. धनिकाने तिला बसायला पाट दिला, पाणी विचारलं. वागायला गोडच होता तो. "आक्का, तुमची चिठ्ठी चार शब्दांची," तो म्हणाला. "ती ऐकायला कोण थांबतंय? इथं माझी रीत चालायची."

"मग माझी कबुतरं मला परत द्या."

"न्या की. अडवलंय कुणी?"

आक्काने जोडी घरी आणली, जुन्या ढाबळीतलं सरपण काढलं, पोतेरं घातलं, दाणे टाकले. सकाळी दार उघडलं मात्र, जोडीने आकाशात एक घिरटी घातली आणि सरळ टेकडी गाठली. त्यांचं घर आता तेच होतं. धनिकाला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्याने हसत हसत दिली होती. आक्का उंबऱ्यावर बसून रडली.

रडून झाल्यावर डोळे पुसले आणि विचार केला. मोठी कबुतरं माझी राहिली नाहीत, ठीक. पण जे पिल्लू माझ्या ढाबळीत डोळे उघडेल, त्याचं घर कोणतं? ती पुन्हा टेकडीवर गेली, जोडी मागून आणली आणि या वेळी जाळीआड ठेवली. जोडीने अंडी घातली. पिल्लं निघाली. आक्का रोज पहाटे घाण खरवडायची, कंबर धरून दाणे निवडायची. मांजराने एक पिल्लू नेलंच.

शेजारचा कुंभार कुंपणावरून म्हणायचा, "काय आक्का, हे काय खूळ? टेकडीवर सगळं आयतं मिळतंय की."

"आयतं मिळतंय, वेळेवर मिळत नाही," आक्का म्हणायची आणि खरवडत राहायची.

मंजुळेला नववा लागला, तेव्हा दोन पिल्लं पंखांत बळ धरून आक्काच्या छपराभोवती फिरून घरी येऊ लागली होती. ती टोपलीत घालून आक्का घाट चढली आणि जावयाच्या हाती देऊन परतली. जावई सावध गडी. कळा सुरू झाल्या त्या सकाळी त्याने आक्काचं कबुतर सोडलं, आणि असू द्यावं म्हणून चिठ्ठी बांधून टेकडीवरचंही एक सोडलं.

दुपारी आक्काच्या छपरावर पंख फडफडले. ती तशीच निघाली, दिवेलागणीला पोचली. बाळ आडवं होतं. आक्काच्या हातांना ठाऊक होतं काय करायचं ते. मुलगी झाली, मायलेकी सुखरूप.

बाराव्या दिवशी बारसं होतं. आक्काच्या आणि पलीकडच्या वाडीतली माणसंही आली होती. पाळणा म्हणायला बायका उभ्या राहिल्या, तोच टेकडीवरचा नोकर घाम पुसत दारात आला. "आक्का, घरी नव्हता तुम्ही, म्हणून इथवर आलो," म्हणत त्याने जावयाची चिठ्ठी दिली. 'कळा सुरू झाल्या. लगेच या.' आक्काने ती मोठ्याने वाचली. सुताराची सून तिथंच होती, तिने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या आठवड्यात कुंभार पिंजरा घेऊन आक्काच्या दारात हजर. मागे आणखी दहाजण. "आक्का, आमची पण तुमच्याच ढाबळीत ठेवा. तुम्ही भल्या आहात. दाणे आम्ही आणून देऊ."

आक्काच्या मनात आलं, काय हरकत आहे? साती वाड्या माझ्या परसात येतील, मान मिळेल. क्षणभर तिला ते गोड वाटलं. मग तिने मान हलवली.

"आज मी भली आहे," ती म्हणाली. "उद्या मी थकेन, परवा मरेन, मग या दाराची कडी कुणाच्या हाती जाईल कुणास ठाऊक. पिल्लं मी देते, वाढवायची कशी तेही शिकवते. ढाबळ मात्र ज्याची त्याने बांधायची."

"म्हणजे घाण आम्हीच खरवडायची?" कुंभाराने तोंड वाकडं केलं.

"हो," आक्का म्हणाली. "रोज."

कुंभार कुरकुरत घरी गेला आणि फुटक्या रांजणांची ढाबळ रचायला बसला.

तात्पर्य: फुकटच्या सोयीपायी आपल्या दाराची कडी परक्याच्या हाती देऊ नये, आणि माणूस कितीही भला असला, तरी सगळ्या गावाच्या कड्या त्याच्या एकट्याच्या हाती देऊ नयेत.