हैबती नावाड्याची कबुली

नद्यांवर पूल बांधायला माणूस अजून शिकला नव्हता, त्या काळची ही गोष्ट. दोन डोंगरांमधून वाहणाऱ्या एका रुंद नदीवर एक लहानसा घाट होता. घाटाचा मालक एक, नावा सात आणि नावाडी सात. तीन कोस खाली राजाचा मोठा घाट होता. तिथं पन्नास नावा चालत.

सातांमध्ये हैबती सगळ्यांत वडीलधारा. नदीच्या पोटात कुठं खडक दडलाय, कुठं भोवरा फिरतोय, हे त्याला पाण्याच्या रंगावरून कळे. चाळीस वर्षांत त्याच्या नावेतून कुणाची टोपलीसुद्धा पाण्यात पडली नव्हती. मालक उतारूंना सांगे, "हैबती सुकाणूवर आहे ना, मग निर्धास्त बसा." ते ऐकून हैबतीची छाती फुगे.

पुढं उतारू मोठ्या घाटाकडं वळू लागले, तसा मालक धास्तावला. आधी प्रत्येक नाव दिवसाला सहा फेऱ्या करी. सहाच्या आठ झाल्या, मग अकरा. नावाडी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं भाकरी खाऊ लागले. वारा सुटला म्हणून कुणी नाव बांधून ठेवली, तर मालक म्हणे, "जमत नसेल तर घरी बस. दुसरा मिळेल." एकट्या माणसाचं यापुढं काही चालत नसे. तो निमूटपणे दोर सोडी.

एके दुपारी कोयाजी नावाचा नावाडी हैबतीकडं आला. म्हणाला, "तात्या, आम्ही सहा जणांनी ठरवलंय. एकेकट्यानं बोलून भागत नाही. सातांनी मिळून संघ करायचा आणि मालकाशी एका तोंडानं बोलायचं. तुम्ही पुढं व्हा."

हैबतीनं मान हलवली. "अरे, सात तर माणसं आपण. माझ्या लेकीच्या लग्नात मालक पंगतीत वाढत होता. त्याच्यासमोर असं जमून उभं राहायचं? उद्या घाटच बंद पडला तर सगळ्यांच्या चुली विझतील. आणि खरं सांगू का? थकतो तो कच्चा नावाडी."

कोयाजी आपल्या नावेकडं परत गेला.

चार दिवसांनी हैबतीची दहावी फेरी चालली होती. ऊन कलतीला लागलं होतं. नावेत अठरा माणसं होती. एक कुंभारीण आपली मडकी सांभाळत सुकाणूजवळ बसली होती. पाणी संथ होतं. आपले डोळे उघडे आहेत, असं हैबतीला वाटत होतं.

"बाबा," कुणीतरी हलकेच म्हणालं, "नाव खडकाकडं चाललीय."

तो दचकला. सुकाणूवर त्याच्या हाताशेजारी कुंभारणीचा हात होता. तिनंच ते एका अंगाला रेटून धरलं होतं. खडक हातभर अंतरावरून मागं गेला. बाकी कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

पैलतीराला मडकी उतरवताना ती म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. पण उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसलं असेल."

हैबती घरी गेला. ही गोष्ट आपल्याबरोबरच सरणावर जावी, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा फार होता. कोयाजीनं नाव सोडायला नकार दिला. मालक सगळ्यांसमोर कडाडला, "उद्यापासून येऊ नकोस. त्या हैबतीकडं बघ. एवढ्या वयात अकरा फेऱ्या करतो, आणि एक चूक नाही."

कोयाजीनं मान खाली घातली. हैबतीला त्याच्याकडं बघवेना. तो पुढं आला.

"मालक, काल माझा डोळा लागला होता."

सगळे नावाडी त्याच्याकडं वळले.

"नावेत अठरा जण होते. एका बाईनं सुकाणू धरलं म्हणून ते आज जिवंत आहेत. माझं नाव घेऊन याला घालवू नका. आजपासून यांच्या संघात मी सातवा."

मग सातांनी आपलं म्हणणं मांडलं. दिवसाला आठांहून जास्त फेऱ्या नकोत. दुपारी घटकाभर विसावा हवा. वाऱ्यात नाव सोडायची की नाही, हे सुकाणू धरणारा ठरवील. आणि त्यासाठी कुणाला कामावरून काढायचं नाही.

"आणि बाळंतीण अडली तर?" मालकानं विचारलं. "तिलाही थांबा म्हणणार?"

"नाही," हैबती म्हणाला. "आमच्यातला एक जण पाळीपाळीनं ताजा राहील, तो तिच्यासाठी. एकेकट्याला हे जमलं नसतं. सातांनी ठरवलं तर जमेल."

मालक ऐकेना. नावा बांधलेल्या राहिल्या. त्यानं मोठ्या घाटावरून नावाडी बोलावले. त्यांनी खडकांतून वळणारं पाणी पाहिलं आणि ते आल्या पावली परतले. इकडं नावाड्यांच्या घरी पेज पातळ झाली. दोघांचं मन डळमळलं. हैबती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला, रागावला मात्र नाही.

मोठ्या घाटापर्यंत चालणं न झेपल्यानं काठावर अडकलेले उतारू चिडतील आणि नावाडी वरमतील, अशी मालकाला आशा होती. तिसऱ्या दिवशी तो उतारूंमध्ये गेला. कुंभारीण तिथंच होती. ती म्हणाली, "पेंगणाऱ्याच्या नावेत बसण्यापेक्षा इथं थांबलेलं बरं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मालक तिथून निघाला. तो नावाड्यांजवळ येऊन बसला.

"घाट बंद पडेल, या भीतीनं मी तुम्हाला पळवत होतो," तो म्हणाला.

"ती भीती आम्हालाही आहे, मालक," हैबती म्हणाला. "तर मग त्यावरही एकत्रच बोलू."

त्या दिवशी बोलणं लांबलं, पण सगळं मान्य झालं. कोयाजीची नाव सर्वांत आधी सुटली.

पहिल्या महिन्यात फेऱ्या कमी झाल्या. पुढं बाजारात बोललं जाऊ लागलं, की लहान घाटाचा नावाडी वारा बघून नाव सोडतो. लेकुरवाळ्या बाया तीन कोस चालून वर येऊ लागल्या. मोठ्या घाटाएवढी गर्दी तिथं कधी झाली नाही, पण घाट चालत राहिला. पुढं कितीतरी वर्षं सातही नावा भरून जात आणि सुखरूप परत येत.

तात्पर्य: ज्याच्या हाती दुसऱ्यांचे प्राण असतात, त्यानं आपला थकवा लपवू नये, आणि तो सांगण्यासाठी सोबत्यांचा हात धरायला लाजू नये.