दौलतभावजींचा ड्रायव्हर

टेंभुरखेड गावात एक भोळा प्रोग्रामर होता. दौलत त्याचं नाव. शहरात शिकून आला होता. भिंतीवर तीन सर्टिफिकिटं होती, तीनही काचेच्या चौकटीत. त्यामुळे त्याला अक्कल आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

गावात कुमुदवहिनींचा इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा कारखाना होता. कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलं बोर्डाच्या पडद्यापर्यंत पोचवणारा एक प्रोग्राम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो दौलत लिहायचा. गावाला एवढंच कळलं की दौलत ड्रायव्हर आहे.

"गाडी कुठली?" लोक विचारायचे.

"गाडी नाही. नुसता ड्रायव्हर," दौलत सांगायचा.

लोकांना त्याची दया यायची.

वहिनींना त्याला काढून टाकता येत नव्हतं. तो त्यांच्या नवऱ्याचा आतेभाऊ होता. त्यामुळे त्या त्याला भावजी म्हणायच्या, अहोजाहो करायच्या आणि मानानेच झापायच्या.

पहिला बोर्ड लागला कांदा बाजारात. भाव दाखवायचा होता. दौलतचा ड्रायव्हर मोठा प्रामाणिक. एक अक्षर आणायला मेमरीच्या कोठारात जायचा, ते पडद्यावर ठेवायचा, मग पुढच्या अक्षरासाठी पुन्हा कोठारात. बोर्डावर आधी "कां" उमटलं.

"कां?" एक शेतकरी चिडला. "आता हा बोर्डपण आम्हालाच विचारतो होय?"

"दा" येईपर्यंत लिलाव संपला. भाव उमटला तेव्हा बाजारात फक्त एक गाय उभी होती. तिला भाव पसंत पडला असावा. तिने मान हलवली.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, चहा करताना तुम्ही साखरेच्या एकेका दाण्यासाठी वाण्याकडे जाता का? एकदाच आणा आणि जवळ ठेवा. दरवेळी विचारायला जायचं नाही."

"जवळ ठेवायचं. विचारायला जायचं नाही," दौलत म्हणाला. त्याला पटलं. त्याला सगळंच पटायचं.

पुढचा बोर्ड कबड्डीच्या मैदानावर लागला. सामना सुरू होताना ड्रायव्हरने गुण विचारले. शून्य-शून्य. ते त्याने जवळ ठेवले. पुन्हा काही विचारायला गेला नाही. गावच्या पोरांनी पाहुण्यांना लोळवलं, दोनदा सगळा संघ बाद केला. बोर्ड म्हणाला, शून्य-शून्य. शिट्टी वाजली, गुलाल उधळला. बोर्ड आपला शून्य-शून्य.

पाहुण्यांचा कप्तान लंगडत पुढे आला. "बोर्डावर बरोबरी आहे. बक्षिसाची अर्धी ढाल आमची."

करवत आणायची भाषा झाली. ढालीपायी पुन्हा एक कबड्डी झाली, ती मात्र नियमाबाहेरची.

"भावजी, गुण बदलले ते दिसले नाहीत तुम्हाला?"

"मला दिसले, वहिनी. ड्रायव्हरला कसे दिसणार? त्याने सुरुवातीलाच विचारलं होतं. जवळ ठेवलं होतं. तुम्हीच म्हणालात."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, जवळ ठेवलेलं शिळं होतं! बदल झाला की लगेच पडद्यावर सोडायचं. हाताला लागेल तसं सोडायचं. क्षणभर थांबायचं नाही."

"हाताला लागेल तसं सोडायचं," दौलत म्हणाला.

मग लग्नाच्या कार्यालयाचं काम आलं. स्टेजमागे भलामोठा पडदा. त्यावर दोन्ही घरांतल्या माणसांचे फोटो एकामागून एक दाखवायचे होते. आधी नवऱ्याच्या आजोबांचा फोटो होता, मग नवरीचा. नवरीचा फोटो खालून वर यायला लागला. ड्रायव्हरच्या हाताला निम्माच लागला. त्याने निम्मा सोडला, आणि तिथेच अडकला.

पडद्यावर खाली नवरीचा शालू, हिरवा चुडा, मेंदीचे हात. वर आजोबांचा फेटा आणि झुपकेदार मिशा.

मंगलाष्टकं थांबली. भटजींचा "सावधान" घशात राहिला.

नवरदेवाची आत्या म्हणाली, "मुलगी बघायला गेलो तेव्हा मिशा नव्हत्या."

नवरदेव अंतरपाटावरून डोकावून बघायला लागला. त्याला मामाने धरून ठेवलं. आजोबा तेवढे खूश होते. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे एवढ्या लोकांनी एकदम बघितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनी जेवल्या नाहीत. दौलत जेवला. लग्नाचंच जेवण होतं, वाया का घालवायचं?

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावजी, अर्धवट काही दाखवायचं नाही. मेमरीत दोन पाट्या करा. एक पुढची, लोकांना दिसणारी. एक मागची, झाकलेली. नवीन काय असेल ते मागच्या पाटीवर काढायचं. ते पुरं झालं की मगच मागची पुढे आणायची. कळलं?"

"पुरं झालं की मगच," दौलत म्हणाला.

या खेपेचा बोर्ड नदीच्या पुलाजवळ होता. पूल बुटका. जरा पाणी वाढलं की बुडायचा. पाणी चढलं की पुलावरच्या रखवालदाराने खोलीतून तसं टाइप करायचं आणि बोर्डाने लोकांना थांबवायचं. माणसांच्या जिवाचं काम होतं, म्हणून वहिनींनी दौलतला चारदा बजावलं. त्यानेही चारदा मान हलवली.

वर धरण सोडलं. पाणी चढलं. रखवालदार टाइप करत सुटला. ड्रायव्हर ते सगळं मागच्या पाटीवर नीटनेटकं मांडत होता. एकही शब्द गाळला नाही. पुढच्या पाटीवर तेवढं जुनंच राहिलं.

दुधाचा टेम्पो पुलावर शिरला आणि मधोमध बंद पडला. कॅन तरंगत गेले. दूधवाला टपावर चढून बसला. समोर बोर्ड चमकत होता. वेळ होता म्हणून त्याने तो नीट वाचला. "रस्ता मोकळा आहे. आपला प्रवास सुखाचा होवो."

गावकऱ्यांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. पाणी ओसरलं, ऊन पडलं, पुलावर बगळे येऊन बसले. तेव्हा बोर्ड बदलला. "सावधान! पाणी वाढत आहे."

"भावजी!" वहिनींचा आवाज फुटला. "माणूस गेला असता! बोर्ड आधी का नाही बदलला?"

"वहिनी, पूर पुरा झाला नव्हता."

वहिनी एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मागची पाटी नको. पुढची नको. एकच पाटी ठेवा. सगळे बोर्ड, सगळे कॉम्प्युटर, सगळ्यांची मिळून एकच. इकडे लिहिलं की तिकडे दिसलंच पाहिजे!"

रागात माणूस बोलतो. शहाणा ते विसरून जातो. दौलतने रात्र संपायच्या आत करून टाकलं.

नंतर जिल्ह्याहून करडेसाहेब आले. त्यांनी सही केली की सगळ्या जिल्ह्याचे बोर्ड वहिनींनी करायचे. नाही केली, तर कारखान्याला कुलूप. एवढं दोन टोकांचं काम होतं. साहेबांच्या गाड्यांनी आवारात इतकी धूळ उडवली की प्रात्यक्षिकासाठी उभा केलेला मोठा काचेचा पडदा पार भुरका झाला.

जेवणं झाली. साहेब पडद्यासमोर खुर्चीत बसले. मागे कामगार, गावकरी, सरपंच. वहिनी आत ऑफिसात कागदपत्रं काढायला गेल्या. प्रिंटर कुरकुरत होता, तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटरवरून बहिणीला निरोप लिहायला घेतला. बाहेर पडद्यावर अक्षरं उमटू लागली. इकडे लिहिलं, तिकडे दिसलं.

गावकऱ्यांना हे बोर्ड वाचायची सवय होती, त्यांनी धुळीतूनही वाचलं. सरपंच खोकले.

साहेबांनी डोळे बारीक केले. "काहीतरी येतंय. धुळीत नीट दिसत नाही. काय आहे?"

"स्वागत आहे, साहेब," सरपंच घाईने म्हणाले. "आपलं स्वागत."

"बरंच मोठं स्वागत आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. वहिनी खिडकीतून बाहेर बघतात तर आपलीच अक्षरं, हातभर उंचीची. त्या अनवाणी धावत आल्या. साहेबांसमोर ओरडताही येईना. दौलतच्या कानाशी जाऊन दातांतल्या दातांत म्हणाल्या, "भावजी, पुसा! आधी ते पुसा!"

"लगेच, वहिनी."

दौलतने शिडी लावली. बादली आणली, फडकं ओलं केलं आणि पडदा पुसायला लागला. वरपासून खालपर्यंत. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. एवढं मन लावून त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं. शेवटी कोरड्या कापडाने पाणी टिपलं आणि तो बाजूला झाला.

"हां," करडेसाहेब म्हणाले. "आता कसं स्वच्छ दिसतंय." आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी वाचायला घेतलं.

"माई, तो करडे आलाय. पाच पुरणपोळ्या हाणल्या आणि म्हणतो, डाएटवर आहे. सहीचं नाव नाही. डोक्यावरचा केसांचा टोप वाकडा झालाय, मागचं पुढे आलंय. सगळ्यांना दिसतंय. सांगू का त्याला?"

साहेबांचा हात हळूहळू डोक्याकडे गेला.

दौलतने शिडीवर पुन्हा एक पाय ठेवला. "साहेब, खालची ओळ नीट दिसते ना? नाहीतर अजून एक हात मारतो."