चंपा आणि धुक्याचे दिवे

घाटाच्या पायथ्याला चंपानं नवं गॅरेज काढलं होतं, बरं का. एके सकाळी भैयासाहेब मोटारसायकलवाल्यांचा ताफा घेऊन आले. सगळ्यांनाच धुक्याचे दिवे बसवायचे होते. चंपानं भैयासाहेबांच्या कोऱ्या गाडीची वायर धरली मात्र, ते गरजले, "हात काढ! बाईचा हात लागलेली गाडी घाटात दगा देते. चला रे, दुसरीकडं!"

ताफ्यानं इंजिनं सुरू केली. हे गेले तर गॅरेजला टाळं लागणार होतं. चंपा भैयासाहेबांच्या गाडीपुढं आडवी उभी राहिली.

"भैयासाहेब, गाडीला ही कुंकवाची बोटं कुणी लावली?"

"आईसाहेबांनी! घरी आणली तेव्हा ओवाळली त्यांनी."

"मग त्यांच्या हातानं गाडी दगा देणार, असं सगळ्यांसमोर म्हणा. मी बाजूला होते."

एकेक इंजिन बंद झालं. भैयासाहेबांनी किल्ली चंपापुढं केली.