गेनूनं पोपटी उतरवली त्याची गोष्ट

घाटावरच्या एका गावात एक भोळा गडी राहायचा. आईबापानं नाव ठेवलं ज्ञानू. ज्ञान काही आलं नाही, म्हणून लोक गेनू म्हणायचे. सांगाल ते ऐकायचा. तेवढंच वाईट होतं.

त्याची बायको येसू. तिचं माहेर खाली कोकणात. संक्रांतीला ती माहेरी गेली, आणि तिच्या बापानं, पोशा पाटलानं, मागून निरोप धाडला. "जावयानं स्वतः यावं. माझ्या भावकीत बसून एक जेवण धड जेवून दाखवावं. तर लेक पाठवीन. नाहीतर येसू इथंच राहील."

येसू नाही तर घरात कुणी हसतसुद्धा नव्हतं.

आईनं बैलगाडी जुंपून दिली. म्हणाली, "गेन्या, वाटेत मावशी आहे, अक्का आहे, आत्या आहे. सगळ्यांना भेटत जा, नाहीतर जन्मभर मला ऐकवतील. आणि कुणी हातात खायला दिलं तर लाजू नको. सरळ तोंडात घाल."

"बरं झालं सांगितलंस," गेनू म्हणाला, आणि निघाला.

मावशीच्या शेतात हुरडा चालला होता. खड्ड्यात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर, आरात ज्वारीची कोवळी कणसं. मावशीनं एक भाजलेलं कणीस काढून त्याच्या हातात दिलं. गेनूनं ते सबंध तोंडात घातलं. जीभ पोळली, टाळू पोळला, डोळ्यांना धारा लागल्या. पण गडी लाजला नाही.

"अरे माझ्या राजा," मावशी म्हणाली, "ते हातावर चोळायचं. जोरात फुंकर मारायची. कोंडा उडाला की दाणे खायचे."

"बरं झालं सांगितलंस, मावशी."

दुसऱ्या दिवशी अक्काकडे पोचला. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती चुलीत भरताची वांगी भाजत होती. घरच्या वाफ्यातली, टम्म फुगलेली. "बघ रे, नीट भाजलंय का," म्हणून तिनं एक त्याच्याकडे दिलं. गेनूनं ते हातावर चोळलं. मग छाती भरून फुंकर मारली.

कोंडा काही उडाला नाही. वांगं उडालं. अर्धं दाजींच्या मिशीवर गेलं, अर्धं अक्काच्या सासूच्या नव्या लुगड्यावर.

सासू म्हणाली, "सूनबाई, तुझा भाऊ दिवाळीला येऊन गेला, तो डाग अजून निघाला नाही बाई."

अक्कानं कपाळाला हात लावला. "गेनू, वांग्याला असं करतात का? देठ धरायचं, वरची साल सोलून टाकायची, आतलं कुस्करायचं."

"बरं झालं सांगितलंस, अक्का."

तिसऱ्या दिवशी आत्याकडे. तिथं म्हसोबाला रोडगे होते. कणकेचे मोठे गोळे, गोवऱ्यांत भाजून वरून खरपूस झालेले. आत्यानं एक पुढ्यात ठेवला. गेनूनं तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला.

"आत्या, याचं देठ कुठाय?"

"रोडग्याला देठ?"

"गळालं असेल," गेनू म्हणाला. त्यानं खरपूस पापुद्रा सगळा सोलला आणि दारात टाकला. आतला गोळा कुस्करत बसला. दारात कुत्रं होतं. त्या दिवशी कुत्र्याचं जेवण फार चांगलं झालं.

आत्या म्हणाली, "बाळा, खायचं ते कुत्र्याला घातलंस. रोडगा आरातून काढला की जमिनीवर आपटायचा, राख झटकायची, फोडायचा आणि वर तूप ओतायचं."

"बरं झालं सांगितलंस, आत्या."

मग तो घाट उतरला आणि सासरवाडीला पोचला. पोशा पाटलांनी जावयासाठी पोपटी लावली होती. ती कशी असते, तर मातीचं मडकं घ्यायचं, आत भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी. तोंड पाल्यानं गच्च बंद. मडकं शेतात मांडायचं आणि भोवती जाळ करायचा. शेतात सगळी भावकी गोल करून बसली होती. वासानं पोरं गप्प झाली होती.

पोशा पाटील म्हणाले, "जावईबापू, मान तुमचा. उतरवा."

गेनूनं गोणपाटात धरून मडकं उचललं. भावकीच्या मधोमध आणलं. आणि आपटलं. अंडी बांधापर्यंत गेली. कोंबडी ढेकळात पडली. गेनूनं राख झटकली. फोडायला बघतो तर फुटलंच होतं. मग तो सासूबाईंना म्हणाला, "तूप आणा."

पोरं अंड्यांमागं बांधाकडं पळाली. एक म्हातारा चुलता शेवटी म्हणाला, "पोशा, जावई ताकदीचा आहे हो."

"येसू इथंच राहील," पोशा पाटील म्हणाले.

येसू पुढं झाली. "बाबा, शेंगा बऱ्या आहेत की. एक डाव माफ करा. उद्याचं जेवण बघा आणि मग ठरवा."

लेकीचं तोंड बघून बाप विरघळला. त्यानं जावयाला समोर बसवलं. "नीट ऐका. फोडायचं नसतं. आधी वरून पाणी शिंपडायचं. थेंब लागताच उडाला, तर झालं समजायचं. मग दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, अलगद उचलायचं आणि पाल्यावर पालथं करायचं."

"बरं झालं सांगितलंत, मामा."

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पुन्हा जाळ पेटला. पुन्हा भावकी बसली. पोशा पाटलांचा आता कुणावरच भरवसा नव्हता. मडक्याला राखण म्हणून ते स्वतः जाळाला खेटून बसले. उकडायला लागलं तसं डोक्याचं मुंडासं काढून ठेवलं. टक्कल तापलं. तोंड लालबुंद झालं. वारा फिरला आणि धुरानं ते निम्मे झाकले गेले.

गेनूनं बराच वेळ मडक्याकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे पाहिलं. तांब्या घेतला आणि टकलावर पाणी शिंपडलं.

पोशा पाटील दचकले. थेंब उडाला.

"मामा झाले," गेनू म्हणाला. त्यानं मागून सासऱ्याच्या काखेत हात घातले. "येसू, पाय धर."

भावकी बघत राहिली. मामांना अलगद उचललं, अलगद नेलं आणि पाल्यावर पालथं केलं. जराही कुठं लागू दिलं नाही.

पाल्यातून पोशा पाटलांचा आवाज आला, "गाडी जुंपा. आणि हिलाही घेऊन जा."

"पण मामा, जेवण व्हायचंय," गेनू म्हणाला.

"वाटेत जेवा."

येसू तेव्हाच नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली. बाप तिला ठेवून घेणार तरी कसा? पाय तिनंच धरले होते.